आंबणे थांबले, की संपले?

सफरचंदाचा रस आंबवायला फारसे काही करावे लागत नाही. पिकलेली फळे कुटून, दाबून काढलेला ताजा रस काचेच्या बुधल्यात भरून ठेवला, की सालीवरचे आणि रस काढायच्या यंत्रावरचे यीस्ट आपणहून कामाला लागते. चार-सहा दिवसांत रस फसफसू लागतो, तोंडाशी तपकिरी फेस जमतो, खोलीभर आंबूस-गोड वास पसरतो. सुरुवात अशी डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, नाकाला कळते. शेवटाचे तसे नाही. शेवटी फक्त हालचाल बंद होते, आणि हालचाल बंद होण्याची कारणे एकाहून अधिक असतात. साखर संपली म्हणून यीस्ट थांबले असेल, थंडीने गारठून थांबले असेल, किंवा पोषण न मिळाल्याने अर्ध्या वाटेत बसले असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, आणि घरी सायडर करणाऱ्यांच्या बऱ्याच फजित्या या सारखेपणातूनच होतात. सायडर म्हणजे इथे आंबवलेले, मद्यार्क असलेले पेय; अमेरिकेत त्याच नावाने न आंबवलेला गढूळ रसही विकतात, तो इथला विषय नाही. सायडर तयार झाले की नाही हे ओळखायच्या ज्या खुणा वर्षानुवर्षे सांगितल्या जातात त्या चार: बुडबुडे, निवळपणा, चव आणि गेलेले दिवस. यांतल्या एकाही खुणेवर बाटलीचे बूच लावू नये. भरवसा ठेवावा तो द्रवाच्या घनतेवर, आणि तीही काही दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हे पटायला आधी बुधल्यात काय चालले आहे ते पाहावे लागते. सफरचंदाच्या रसात प्रामुख्याने तीन साखरा असतात: फ्रुक्टोज, ग्लुकोज आणि सुक्रोज. निम्म्याहून जास्त वाटा फ्रुक्टोजचा. यीस्टला या तिन्ही चालतात. बिअरची गोष्ट वेगळी असते. माल्टमधल्या काही लांब साखळीच्या शर्करा नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत, म्हणून बिअरमध्ये आंबणे पुरे झाल्यावरही काही गोडवा, काही दाटपणा उरतो. सफरचंदाच्या रसाला सोडून दिले तर यीस्ट जवळजवळ सगळी साखर संपवते आणि उरते ते कोरडे, गोडवा नसलेले पेय. साखरेच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात, हे समीकरण गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. लुई पाश्चरने १८६० मध्ये दाखवून दिले की हा हिशेब अगदी काटेकोर नाही, थोडी साखर ग्लिसरीन आणि सक्सिनिक आम्लाकडेही जाते. पण घरच्या कामाला मूळ समीकरण पुरते. त्यातून एक गोष्ट लक्षात येते. साखरेचे जवळजवळ निम्मे वजन वायू होऊन उडून जाते. साधारण रसात लिटरमागे शंभर-एकशेदहा ग्रॅम साखर असते. तिच्यातून सहा-साडेसहा टक्क्यांचे मद्य होते आणि पंचवीस लिटरांच्या आसपास वायू बाहेर पडतो. एका लिटर रसातून पंचवीस लिटर वायू, हे प्रमाण डोक्यात पक्के बसले की पुढचे बरेच काही आपोआप समजते.

पहिली खूण बुडबुड्यांची. बुधल्याच्या बुचात एअरलॉक बसवलेला असतो. त्याच्या वाकड्या नळीत थोडे पाणी असते, त्यातून आतला वायू बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. बुडबुडे मोजायचे, ते थांबले की बाटल्या भरायच्या, असा सोपा सल्ला यावरून दिला जातो. पण एअरलॉक फक्त दाबातला फरक दाखवतो. तो फरक कशामुळे झाला हे त्याला सांगता येत नाही. बूच किंचित सैल असेल तर वायू फटीतून निघून जातो आणि आत जोरात आंबत असतानाही एअरलॉक मुका राहतो. उलटही घडते. थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, गरम द्रवात कमी. हिवाळाभर पाच अंशांच्या थंडीत राहिलेला वीस लिटरांचा बुधला वसंतात वीस अंशांवर आला, तर नुसत्या तापमानाच्या फरकाने त्यातून दहा लिटरांच्या आसपास वायू बाहेर पडू शकतो. यीस्टने काडीही न हलवता एअरलॉक कित्येक दिवस बोलत राहील. हवेचा दाब उतरला तरी असेच होते. शिवाय वसंतात एक निराळीच घडामोड संभवते. ओएनोकोकस नावाचे जिवाणू रसातल्या तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि या कामातही वायू सुटतो. सफरचंदाची झाडे फुलली की पिंपातले सायडर पुन्हा जागे होते, असे जुने इंग्रज शेतकरी मानत. त्यांचे निरीक्षण खरे होते. पण त्या जागे होण्यात साखरेचा संबंध असेलच असे नाही. म्हणजे बुडबुडे नसले तरी आंबणे चालू असू शकते, आणि बुडबुडे असले तरी ते केव्हाच संपलेले असू शकते.

दुसरी खूण दिवसांची आणि तिसरी निवळपणाची. दोन्हींची अडचण एकच आहे. इंग्लंडच्या हेरफर्डशर, सॉमरसेट या सायडरच्या जिल्ह्यांत फळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात दाबली जातात आणि पूर्वापार रीतीने केलेला रस सावकाश, हिवाळाभर आंबतो. रानटी यीस्टची पहिली फळी दुबळी असते; अल्कोहोल थोडे चढले की ती मागे पडते आणि मग सॅकरोमायसीस हे खमके यीस्ट ताबा घेते. पाकिटातले यीस्ट घालून वीस अंशांवर ठेवलेला रस दोन-तीन आठवड्यांत कोरडा होऊ शकतो. रानटी यीस्टवर सोडलेल्या, थंड तळघरातल्या रसाला पाच-सहा महिने लागू शकतात. याला नुसते तापमान कारण नाही. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो आणि सफरचंदाच्या रसात तो मुळातच बेताचा असतो. खत न घातलेल्या जुन्या झाडांच्या फळांत तर आणखी कमी. असा रस मध्येच अडखळतो, आठवडेच्या आठवडे शांत बसतो आणि ऊब मिळाली की पुन्हा चालू लागतो. थंडीत यीस्ट तळाला बसते, वरचा द्रव नितळ होतो, तळाशी जाड साका दिसतो आणि बघणाऱ्याला वाटते, झाले. त्या साक्यात यीस्ट जिवंत असते आणि वरच्या नितळ द्रवात साखर असते. याच्या उलट, पेक्टिनमुळे आलेला धूसरपणा आंबणे पूर्ण संपल्यावरही महिनोन्‌महिने जात नाही. काचेतून पलीकडचे दिसते की नाही यावरून आत साखर आहे की नाही हे ठरवता येत नाही.

राहिली चव. जिभेला गोडवा कळतो हे खरे. पण सायडरमध्ये तिला गोडवा एकटा भेटत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या लाँग अॅश्टन इथे १९०३ मध्ये सायडरच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. तिथे सायडरच्या सफरचंदांची चार गटांत वाटणी झाली: गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट. वाटणीचे निकष दोनच, रसातले आम्ल आणि टॅनिन. ०.४५ टक्क्यांहून जास्त आम्ल असले तर फळ आंबट आणि ०.२ टक्क्यांहून जास्त टॅनिन असले तर तुरट. डॅबिनेट हे तुरट-गोड गटातले नावाजलेले फळ, किंग्स्टन ब्लॅक हे तुरट-आंबट गटातले. आम्ल गोडवा झाकते, त्यामुळे आंबट फळांच्या रसात लिटरला दहा-पंधरा ग्रॅम साखर शिल्लक असली तरी तो जिभेला कोरडा वाटू शकतो. कमी आम्लाच्या, फळांच्या वासाने भरलेल्या रसात साखर संपलेली असली तरी वासामुळे गोडीचा भास होतो. जाणकाराची जीभ यातले बरेच ओळखते. पण बाटलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न दहा ग्रॅमांच्या आतबाहेरचा असतो, आणि इतका बारीक हिशेब जिभेवर सोडणे शहाणपणाचे नाही. चव घ्यावी ती सायडर आवडण्याजोगे झाले आहे का हे पाहायला.

मग घनता मोजायची कशी? त्यासाठीचे हायड्रोमीटर म्हणजे तळाशी वजन भरलेली, वर आकड्यांची पट्टी असलेली काचेची पोकळ नळी. गावोगावच्या डेअरीत दुधात टाकतात तो लॅक्टोमीटर हा त्याचाच भाऊ. द्रव दाट असेल तर नळी वर तरंगते, पातळ असेल तर खोल जाते. आर्किमिडीजच्या तत्त्वापलीकडे यात काही नाही. शुद्ध पाण्याची घनता एक धरली, तर सफरचंदाच्या ताज्या रसाची बहुधा १.०४५ ते १.०६० भरते. साखर जसजशी संपते तसतसा आकडा उतरतो. तो १.००० वर आला म्हणजे साखर शून्य झाली, असे मात्र समजू नये. अल्कोहोल पाण्यापेक्षा बरेच हलके असते, त्यामुळे पूर्ण कोरड्या सायडरचा आकडा एकच्याही खाली, ०.९९८ किंवा ०.९९६ पर्यंत जाऊ शकतो, १.००० वर अजून थोडी साखर असण्याची शक्यता असते. सुरुवातीचा आकडा लिहून ठेवला असेल तर आणखी एक फायदा होतो. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणले, की मद्यार्काची टक्केवारी मिळते. १.०५० पासून १.००० पर्यंत उतरलेल्या सायडरमध्ये साधारण साडेसहा टक्के. मद्य करणाऱ्यांना या साधनाची गोडी विज्ञानाआधी करवसुलीने आणि धंद्याने लावली. जॉन रिचर्डसन या इंग्रज बिअर उत्पादकाने १७८४ मध्ये हायड्रोमीटरने माल्टच्या अर्काची किंमत काढायची पद्धत छापली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने दारूवरच्या करासाठी साइक्सचे हायड्रोमीटर कायद्याने ठरवून दिले. जिथे पैशांचा प्रश्न होता तिथे कोणी बुडबुडे मोजत बसले नाही.

तरीही एकच आकडा पुरत नाही, हा या युक्तिवादाचा महत्त्वाचा भाग आहे. समजा, हायड्रोमीटर १.००८ दाखवतो. हे सायडर १.०१२ वरून खाली येता येता या क्षणी इथे असेल, किंवा महिनाभर इथेच अडकून पडले असेल. एका आकड्यातून मुक्काम कळतो, चाल कळत नाही. चाल कळायला दुसरे वाचन लागते, आणि ते दुसऱ्या दिवशी घेऊन उपयोग नाही. थंडीत आंबणाऱ्या रसाचा आकडा आठवड्याला जेमतेम एका अंशाने, म्हणजे ०.००१ ने उतरतो आणि बहुतेक हायड्रोमीटरांची पट्टी त्याहून बारीक दाखवत नाही. म्हणून दोन वाचनांत निदान दोन आठवड्यांचे अंतर हवे आणि त्या काळात बुधला उबदार जागी हवा, म्हणजे गारठून बसलेले यीस्ट असेल तर ते उघडे पडेल. दोन्ही आकडे सारखे आणि एकच्या आसपास किंवा खाली आले तरच आंबणे संपले असे म्हणता येते. दोन्ही सारखे पण १.०१० वर असतील तर ते थांबले आहे, संपलेले नाही. मोजतानाही काही काळजी घ्यावी लागते. नमुना निर्जंतुक नळीने काढून उंच, अरुंद भांड्यात घ्यावा आणि हलवून त्यातला वायू आधी घालवावा, कारण बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा खोटाच जास्त दिसतो. हायड्रोमीटर ज्या तापमानासाठी आखलेला असतो, बहुधा २० अंश किंवा १५.६ अंश, त्याच्या जवळपास मोजावे. मोजलेला नमुना परत बुधल्यात ओतू नये, चाखून पाहावा. द्राक्षबागांत साखर पाहायला वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटर इथे फसवतो. अल्कोहोलमुळे प्रकाशाचे वळणे बदलते आणि आंबलेल्या रसात तो दाखवतो तो आकडा दुरुस्ती केल्याशिवाय वापरता येत नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचे उत्तर बाटलीत आहे. बुधल्यातला वायू एअरलॉकमधून निघून जातो. बूच लावलेल्या बाटलीतून त्याला जायला वाट नसते. हिशेब सरळ आहे. लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की जवळजवळ एक लिटर वायू होतो. फेसाळ सायडर हवे असलेले लोक पूर्ण कोरड्या सायडरमध्ये लिटरमागे सात-आठ ग्रॅम साखर मुद्दाम घालून बाटली बंद करतात आणि तेवढ्याने छान फेस येतो. आता १.०१० वर थांबलेले सायडर संपले असे समजून बाटलीत भरले आणि उन्हाळ्यात यीस्ट जागे झाले, तर आत वीस ते पंचवीस ग्रॅम साखर आंबेल. शॅम्पेन करताना दुसऱ्या आंबवणीसाठी बाटलीत लिटरला सुमारे चोवीस ग्रॅम साखर घालतात आणि तिच्यातून सहा वातावरणांचा दाब तयार होतो. शॅम्पेनची बाटली त्यासाठीच जाड काचेची, खोल तळाची असते, तिचे बूच तारेने बांधलेले असते. बिअरची साधी बाटली किंवा स्वयंपाकघरातली फिरकीच्या झाकणाची बाटली हा दाब सोसायला केलेली नसते. ती फुटते तेव्हा काचा उडतात, आणि एक फुटली की शेजारच्याही फुटू शकतात. हे ज्ञान नवे नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत मजबूत काच होऊ लागली आणि हेरफर्डशरचे लॉर्ड स्कुडामोर यांच्यासारखे बागायतदार आपल्या रेडस्ट्रीक सफरचंदांचे सायडर बाटल्यांत भरू लागले. क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे साखर घालून मद्य फेसाळ करण्याची इंग्रजी पद्धत सांगितली आणि १६६४ मध्ये जॉन एव्हलिन यांच्या ‘पोमोना’ या पुस्तकात सायडरवरचे अनेकांचे लेख एकत्र छापले गेले. फेस हवा तर काच आणि साखर या दोहोंचा मेळ घालावा लागतो, हे त्या पिढीला कळले होते. तिच्याकडे साखर मोजायचे साधन मात्र नव्हते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. इंग्लंड, नॉर्मंडी, स्पेनचा बास्क प्रांत इथल्या शेतकऱ्यांनी हायड्रोमीटरशिवाय शतकानुशतके सायडर केले, त्यांचे कुठे अडले? अडले नाही, कारण त्यांना शेवट नेमका ओळखण्याची गरजच नव्हती. त्यांचे सायडर लाकडी पिंपात राहायचे आणि आंबणे चालू असेपर्यंत पिंपाचे तोंड घट्ट बंद करत नसत. ते पिंपातून रोज काढून प्यायले जायचे. इंग्लंडच्या पश्चिम भागात शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपात मिळत असे; १८८७ च्या कायद्याने ती रीत बंद केली. बास्क प्रांतात आजही जानेवारीपासून वसंतापर्यंत लोक सायडरघरांत जाऊन भल्यामोठ्या पिंपाची तोटी उघडून थेट ग्लासात धार घेतात; बाटल्या भरण्याचे काम त्यानंतर होते, तोवर ते कोरडे झालेले असते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ताडी-माडी आंबत असतानाच प्यायली जाते आणि गोव्यात काजूचा आंबलेला रस भट्टीवर चढतो, बाटलीत जाते ती ऊर्ध्वपातनानंतरची फेणी. या सगळ्या परंपरांत शेवटाचा अंदाज चुकला तर फार तर चव बदलते, इजा होत नाही. घरी करणारा आजचा माणूस त्या शेतकऱ्याची नजर उसनी घेतो आणि बाटली मात्र कारखान्याची वापरतो. परंपरेचा दाखला द्यायचा असेल तर तो पिंपासकट द्यावा.

दुसरा आक्षेप नॉर्मंडीचा. तिथले ‘डू’ सायडर गोड असते, मद्यार्क तीन टक्क्यांच्या आत असतो, आणि ते बाटलीत फेसाळते. म्हणजे साखर शिल्लक ठेवूनही बाटली भरता येते की! येते, पण त्यामागची खटपट पाहिली तर हे उदाहरण उलट बाजूचे ठरते. तिथे थंडीच्या सुरुवातीला रसातल्या पेक्टिनचा जेलीसारखा थर वर येऊ देतात, त्याला तपकिरी टोपी म्हणतात. खाली गाळ बसतो आणि मधला निवळ रस वेगळा काढतात. पेक्टिनसोबत यीस्ट आणि त्याला लागणारे नायट्रोजनयुक्त पोषणही बरेचसे निघून जाते. उरलेला रस उपाशीपोटी, अतिशय सावकाश आंबतो. बाटली भरायची वेळ ठरवायला नॉर्मंडीतला उत्पादक आकडा किती आहे एवढेच पाहत नाही, तो आठवड्यांमागे किती घसरतो हे पाहतो, आणि घसरण नगण्य झाल्यावर शॅम्पेनच्या धर्तीच्या जाड बाटलीत भरतो. गोड सायडरला मोजमाप कमी लागत नाही, जास्त लागते. दुकानातल्या गोड सायडरचेही तसेच. कारखान्यात ते बहुधा पूर्ण कोरडे करून, गाळून, मग साखर किंवा रस मिसळून आणि पाश्चरीकरण करून भरलेले असते. त्यात आंबायला यीस्टच उरलेले नसते. घरी गोडवा हवा असेल तर कोरडे सायडर भरावे आणि पिताना ग्लासात साखर किंवा ताजा रस घालावा, यापेक्षा सुरक्षित मार्ग नाही.

तिसरा आक्षेप आकड्यावरच आहे: आकड्याला सगळे कळते का? नाही कळत. वर सांगितलेला मॅलिक आम्लाचा बदल हायड्रोमीटरला जवळपास दिसतच नाही. लिटरमागे पाच ग्रॅम मॅलिक आम्ल बदलले तर दीड ग्रॅमाच्या आसपास वायू सुटतो, घनता मात्र नावापुरती हलते. असे बाटलीत झाले तर सायडर थोडे चुरचुरते, पण हा वायू लिटरमागे एका लिटरच्या आतला, बाटली फोडण्याइतका नाही. पेअरच्या रसापासून केलेल्या पेरीमध्ये सॉर्बिटॉल भरपूर असते. ते यीस्टला पचत नाही, त्यामुळे पेरी संपली तरी तिचा आकडा सायडरपेक्षा वर राहतो. आणि संपले म्हणजे पिकले असेही नाही. नुकतेच संपलेले सायडर कडक, आंबट, यीस्टच्या वासाचे असू शकते. साक्यावरून काढून भरलेल्या बुधल्यात काही महिने ठेवल्यावर ते गोलाई धरते. थोडक्यात, घनतेला विचारायचा प्रश्न एकच: आंबण्याजोगी साखर शिल्लक आहे का? त्याचे उत्तर ती इतर कुठल्याही खुणेपेक्षा चांगले देते.

मोजायची कटकट टाळायला आणखी काही वाटा सुचवल्या जातात. नुसती भरपूर वाट पाहावी, ही त्यांतली पहिली. वाट पाहणे चांगलेच; पण आंबणे संपले की वायूचे आवरण हळूहळू विरते, आणि बुधला अर्धवट रिकामा असेल किंवा एअरलॉकमधले पाणी आटले असेल तर हवेबरोबर अॅसिटोबॅक्टर हे जिवाणू अल्कोहोलचे व्हिनेगर करू लागतात. संपल्यानंतर बुधला काठोकाठ भरून ठेवावा लागतो, म्हणजे संपले केव्हा हे कळावेच लागते. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, ही दुसरी वाट. थंडीत यीस्ट मंदावते, मरत नाही. वीज गेली किंवा बाटली बाहेर राहिली की ते पुढचे काम करते. प्लॅस्टिकच्या बाटल्या वापराव्यात, ही तिसरी. तिच्यात अर्थ आहे, कारण बाटली दाबून आतला ताण कळतो आणि काचा उडत नाहीत. पण दाब प्लॅस्टिकमध्येही तेवढाच वाढतो. पोटॅशियम सॉर्बेट घालून यीस्ट बंद करावे, ही चौथी. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची नवी वाढ रोखते. जोरात आंबणाऱ्या रसात ते निरुपयोगी ठरते आणि मॅलिक आम्ल बदलणारे जिवाणू हजर असतील तर जिरेनियमच्या पानासारखा उग्र वास सोडते. चारही वाटा मोजमापाला जोड म्हणून ठीक आहेत. त्याऐवजी म्हणून एकही चालत नाही.

हा उद्योग कुठे करावा, हेही स्पष्ट सांगायला हवे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, आणि सहा टक्क्यांचे सायडर हे मद्यच. ब्रिटनमध्ये विक्रीसाठी नसलेले, घरच्यापुरते सायडर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनची मुभा आहे, राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. तिथे राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांच्या परसात सफरचंदाचे झाड आहे आणि शरद ऋतूत फळांचे काय करावे हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी नियम चारच. रस काढल्या दिवशी आकडा लिहून ठेवा. बुडबुडे थांबल्यावर बुधला उबेत आणून पुन्हा मोजा. दोन आठवड्यांनी तिसऱ्यांदा मोजा. शेवटचे दोन आकडे सारखे आणि १.००० च्या आसपास किंवा खाली असतील तरच बाटली बंद करा. हायड्रोमीटर नसेल तर काचेच्या बाटलीत बंद करूच नका. एअरलॉकखाली राहू द्या आणि बुधल्यातूनच प्या. फेस मिळणार नाही, पण सायडर सायडरच राहील आणि कोणाला इजा होणार नाही.